नंबर गेला, डोळा राहिला

1890 च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील व्हिन्सेन्झ फुकाला या नेत्रवैद्याने एक शस्त्रक्रिया मांडली आणि पुढची काही वर्षे युरोपभर तिची चर्चा होत राहिली. ज्यांचा नंबर मायनस 15, मायनस 20 असा असे, अशा तरुण रुग्णांच्या डोळ्यातले नैसर्गिक भिंगच तो काढून टाकी. त्या भिंगात मोतीबिंदू नसे, धुरकटपणा नसे. भिंग अगदी स्वच्छ असे. हिशेब मात्र चोख होता. असा डोळा प्रमाणाबाहेर लांब असतो, त्यामुळे दूरच्या वस्तूंचा प्रकाश मागच्या पडद्यापर्यंत, म्हणजे दृष्टिपटलापर्यंत, पोचण्याआधीच एकवटतो. भिंग काढले की प्रकाश वळवण्याची ताकद कमी होते, केंद्र मागे सरकते आणि नेमके पडद्यावर येऊन बसते. जन्मभर जाड काचेतून बारकी झालेली माणसे पाहणाऱ्या रुग्णाला एकाएकी, कधी चष्म्याशिवायसुद्धा, रस्त्यापलीकडचा चेहरा ओळखू येई. फुकालाचे आकडे खोटे नव्हते आणि रुग्णांचा आनंदही खोटा नव्हता. पण यांतल्या बऱ्याच डोळ्यांचा पडदा पुढे काही महिन्यांनी, काही वर्षांनी सुटला, आणि तेव्हा सुटलेला पडदा बसवण्याचा खात्रीचा उपाय कोणाकडेच नव्हता. माझ्या मते ही एका उतावळ्या शल्यवैद्याची चूक नव्हती. जाड नंबरच्या डोळ्याचा प्रश्न नेत्रवैद्यकाने दोन खात्यांत वाटून टाकला होता. एका खात्यात प्रकाशाचा हिशेब होता, दुसऱ्यात पडद्याचे आजार, आणि दोन्ही खाती एकमेकांचे कागद वाचत नव्हती. फुकालाची शस्त्रक्रिया या वाटणीतून जन्मली.

वाटणीची सुरुवात फार जुनी, आणि तिच्यामागे कोणाचा दोष नाही. अंतर्गोल काचेचा चष्मा ही डॉक्टरांनी नव्हे, कारागिरांनी दिलेली देणगी. मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झा याने 1462 मध्ये फ्लॉरेन्सहून तीन डझन चष्मे मागवले. त्यांतले डझनभर दूरचे पाहण्यासाठी, म्हणजे तरुणांसाठी, हवे असल्याचे त्याच्या पत्रात स्पष्ट नमूद आहे. ही काच का चालते हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. चालते एवढे पुरेसे होते. रॅफाएलने रंगवलेल्या दहाव्या लिओ पोपच्या हातात भिंग आहे, तेही अंतर्गोल समजले जाते. कारण सापडायला 1604 साल उजाडावे लागले. योहान्स केप्लरने त्या वर्षीच्या ग्रंथात दाखवले की प्रतिमा डोळ्यातल्या भिंगावर नाही, मागच्या दृष्टिपटलावर, तीही उलटी, उमटते. जवळचेच दिसणाऱ्या डोळ्यात किरण त्या पटलाच्या अलीकडेच एकत्र येतात, आणि अंतर्गोल काच त्यांना थोडे फाकवून मागे ढकलते. केप्लरची स्वतःची नजर लहानपणीच्या देवीच्या आजारापासून अधू होती. सिद्धान्त निर्दोष होता, आणि तो निर्दोष असल्यामुळेच पुढे दोन शतके फारशा कोणाला आणखी काही विचारावेसे वाटले नाही. किरण अलीकडे का एकवटतात, डोळ्याचे भिंग जास्त फुगीर म्हणून की डोळाच लांब म्हणून, हे चष्मेवाल्याला माहीत असण्याची गरज नव्हती. काच दोन्ही बाबतींत तीच लागते.

डोळा लांब असतो हे पाहायचे तर मेलेल्या माणसाचा डोळा कापावा लागे. पाव्हियाच्या अँटोनियो स्कार्पा या शरीरशास्त्रज्ञाने 1801 मध्ये मागच्या बाजूने फुगून बाहेर आलेल्या दोन डोळ्यांचे वर्णन केले. त्याने पाहिले ते अचूक पाहिले, पण या फुगवट्याचा चष्म्याच्या नंबराशी काही संबंध असेल हे त्याला सुचले नाही. तो दुवा 1850 च्या दशकात प्रागच्या फर्डिनांड फॉन आर्ल्टने जोडला. जिवंतपणी ज्यांची नजर जवळची होती अशांचे डोळे त्याने मृत्यूनंतर मोजले, आणि ते खरोखरच पुढून मागे लांबलेले निघाले. आज ही मोजणी यंत्र काही सेकंदांत करते. प्रौढ माणसाचा डोळा साधारण 24 मिलिमीटर लांब असतो. तो एका मिलिमीटरने वाढला की नंबर अडीच-तीनने वाढतो. मायनस 6 च्या पुढचे डोळे बहुधा 26 मिलिमीटरच्या वर असतात आणि काही 30 च्याही पलीकडे जातात. पण डोळ्याची भिंत ताणली गेली म्हणून आतला पडदा नवा तयार होत नाही. आहे तेवढाच पडदा जास्त जागेवर पसरतो आणि पातळ होतो. त्याला रक्त पुरवणारा थर तर त्याहूनही विरळ होतो. मध्यभागी, जिथे वाचण्याची बारीक नजर असते त्या पीतबिंदूखाली, सूक्ष्म भेगा पडतात आणि त्यांतून नाजूक, गळक्या रक्तवाहिन्या वर येतात. त्यांतून होणाऱ्या रक्तस्रावाने उरणारा काळा डाग फ्योर्स्टरने 1862 मध्ये आणि व्हिएन्नाच्या एर्न्स्ट फुक्सने 1901 मध्ये वर्णिला. कडेला वेगळीच गोष्ट घडते. डोळ्यात भरलेला जेलीसारखा पारदर्शक गर या डोळ्यांत लवकर पातळ होतो, आक्रसतो आणि पडद्यापासून सुटताना जिथे तो घट्ट चिकटलेला असतो तिथे पडद्याला ओढतो. पडदा तिथे आधीच झिजलेला असला तर फाटतो. फाटीतून पाणी मागे शिरते आणि ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटत जातो. सुटलेल्या भागाला रक्त मिळत नाही, आणि त्याची दृष्टी जाते.

1851 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने जिवंत डोळ्याचा तळ दाखवणारे नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध केले, तेव्हा हे सगळे उलगडायला हवे होते. यंत्र हाती येताच लाइपझिगच्या कोक्सियसने 1853 मध्येच सुटलेल्या पडद्यातली फाट पाहून ठेवली. बर्लिनचा आल्ब्रेख्त फॉन ग्रेफ, त्या काळातला या विद्येचा सर्वांत तेजस्वी माणूस, जाड नंबरच्या डोळ्यांत दृष्टीच्या नसेभोवतीची पांढरी झीज पाहत होता. पण त्याने तिला दाह मानले. दाह म्हटल्यावर उपायही दाहाचेच: रक्त काढणे, अंधारी खोली. ही सूज नसून ताण आहे, भिंत नुसती पातळ होत चालली आहे, हे आर्ल्टच्या मोजमापातून सरळ निघत होते. ग्रेफने त्या वाटेने पाऊल टाकले नाही. उट्रेख्तच्या डोंडर्सने मात्र दोन्ही बाजू पाहिल्या होत्या. 1864 च्या त्याच्या इंग्रजी ग्रंथात जाड नंबरच्या डोळ्याला तो निरोगी मानायलाच तयार नाही, आणि नंबर उतरवण्यासाठी चांगले भिंग काढण्याच्या कल्पनेला त्याने फुकालाच्या कितीतरी आधी कडक विरोध केला होता. त्याच्या ग्रंथाचे नशीब असे की पुढच्या पिढीने त्यातला चष्मा मोजण्याचा भाग डोक्यावर घेतला. नंबर तपासणे ही एक स्वच्छ, गणिती, रोजच्या व्यवसायाला धरून चालणारी विद्या झाली, आणि ताणलेल्या भिंतीचे प्रकरण विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन बसले.

याच काळात नंबराची भीती शाळेत शिरली. 1813 मध्ये लंडनच्या जेम्स वेअरने रॉयल सोसायटीपुढे सांगितले होते की सुमारे दहा हजार पायदळी सैनिकांमध्ये जवळची नजर जवळजवळ सापडतच नाही, आणि ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात 127 जणांपैकी 32 जण अंतर्गोल भिंग वापरतात. ब्रेस्लाऊच्या, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफच्या, हर्मान कोनने 1867 मध्ये यापुढचे काम केले: 10,060 शाळकरी मुलांचे डोळे तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यातल्या शाळांत 1.4 टक्के, शहरी प्राथमिक शाळांत 6.7 आणि जिम्नॅशियम या विद्यापीठाची तयारी करून घेणाऱ्या शाळांत 26.2 टक्के मुलांची नजर जवळची. अंधुक वर्ग, वाकायला लावणारी बाके, बारीक छपाई यांवर त्याने बोट ठेवले, आणि जर्मन शाळांची बाके व खिडक्या सुधारल्या. कोनची मोजणी अजूनही आदराने सांगावी अशी आहे. तिच्यातून काढलेला धडा मात्र गल्लत करणारा होता. या मुलांतल्या बहुतेकांचा नंबर सौम्य होता. त्यांचा पडदा धोक्यात नव्हता. ज्यांचा होता ती थोडी मुले त्याच टक्केवारीत मिसळून गेली, कारण मोजला जात होता तो नंबर, पडदा कोणी मोजत नव्हते. मग भीती सगळ्यांवर सारखी पसरली. लंडनच्या कॅम्बरवेल भागात 1908 मध्ये जाड नंबरच्या मुलांसाठी निराळा वर्ग निघाला. तिथे पुस्तके जवळजवळ वर्ज्य, लिहायचे ते फळ्यावर मोठ्या अक्षरात. वाचनाने डोळा आणखी ताणला जाईल आणि पडदा सुटेल ही त्यामागची समजूत. या मुलांना काही अंशी तोंडी शिक्षण आणि हातकाम मिळाले हे खरे. पण पडदा सुटतो तो पुस्तकामुळे नव्हे, फाट पडल्यामुळे, आणि ती फाट शोधायला त्या वर्गात कोणी येत नव्हते.

फाट दिसलेली असूनही ती कोणाच्या उपयोगी का पडली नाही, हा या इतिहासातला सर्वांत विचित्र भाग आहे. पडद्यामागे पाणी साचलेले दिसे, म्हणून पाणी हाच रोग ठरला. ते रक्तवाहिन्यांच्या थरातून पाझरत असावे, साचून साचून पडदा उचलत असावे आणि शेवटी पडदा फोडून पुढे येत असावे. म्हणजे फाट हा परिणाम, एका अर्थी निसर्गाने पाण्याला करून दिलेली वाट. या तर्काला इतके वजन होते की 1860 च्या दशकात ग्रेफने बर्लिनमध्ये आणि बोमनने लंडनमध्ये सुटलेल्या पडद्याला मुद्दाम सुईने भोके पाडून पाहिली. ज्या छिद्राने डोळा जातो तेच छिद्र औषध म्हणून वाढवले गेले. जर्मन नेत्रवैद्य थेओडोर लेबरने 1882 मध्ये ताज्या रुग्णांत फाटी काळजीने शोधल्या, त्या वारंवार सापडतात आणि आक्रसणारा गर त्या पाडतो, असे मांडले. त्याला विरोध झाला. फाट प्रत्येकात दिसत नाही, मग ती कारण कशी, हा विरोधकांचा मुद्दा. दिसत नाही याचा अर्थ नीट शोधली नाही असाही होतो, हे त्या वादात फार थोड्यांना सुचले. तोवर रुग्णाला महिनोन् महिने उताणे झोपवून, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून, डोके हलू नये म्हणून कडेला वाळूच्या पिशव्या लावून ठेवले जाई. सिनसिनाटीच्या डेरिक व्हेलने 1912 मध्ये अमेरिकेतल्या नेत्रवैद्यांना पत्रे पाठवून या उपायांचे फळ विचारले. हिशेब निघाला: हजारात एक बरा.

हजारात एक हा आकडा बदलला तो स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये. ज्यूल गोनँ हा तिथलाच, 1870 मध्ये जन्मलेला, आणि शल्यकर्माआधी त्याने वर्षानुवर्षे सुटलेल्या पडद्यांचे सूक्ष्मदर्शकाखाली काप पाहिलेले. लेबर बरोबर होता हे त्याला तिथे पटले: गर पडद्याला जिथे ओढतो तिथे फाट आहे, आणि पाणी त्या फाटीतून मागे जाते. मग पाणी काढत बसण्याला अर्थ नाही. फाट बंद केली पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासून तो हे प्रत्यक्ष करू लागला. नेत्रदर्शकाने पडद्याचा कोपरान् कोपरा पाहायचा, फाटीचे चित्र काढायचे, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे तिची दिशा आणि बुबुळाच्या कडेपासून तिचे अंतर मोजायचे. मग डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीवर बाहेरून तोच बिंदू गाठून तिथे छेद द्यायचा आणि लाल तापवलेले दहनयंत्राचे टोक काही सेकंद आत धरायचे. पाणी वाहून जाई, पडदा भिंतीला टेके, आणि डाग भरून येताना फाट मिटून जाई. मापात दोन मिलिमीटरची चूक झाली तर सगळे फुकट. ऐकायला ही कृती रानटी वाटते, आणि तिच्या काळात अनेकांना वाटलीही. पण तिच्यातली धग महत्त्वाची नाही. महत्त्वाचे आहेत ते आधीचे तास, पाहण्याचे आणि चित्र काढण्याचे. ताज्या रुग्णांत निम्म्याच्या आसपास पडदे बसू लागले. तरी दहाएक वर्षे अविश्वास टिकला. 1929 च्या ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय नेत्रपरिषदेत इतर देशांच्या शल्यवैद्यांनी स्वतःचे निकाल सांगितले आणि वाद संपला. गोनँ 1935 मध्ये वारला. त्याच्या आदल्याच वर्षी त्याचा पडदा सुटण्यावरचा मोठा ग्रंथ निघाला होता.

यावर पहिला आक्षेप असा येईल की विचारांना इतके श्रेय किंवा दोष देऊ नये. साधने नव्हती, म्हणून उपाय नव्हता. जंतुरहित शस्त्रक्रिया, डोळा बधिर करणारे कोकेन, उजळ दिवा यांशिवाय गोनँ काय करणार होता? यात तथ्य आहे, पण अर्धेच. कोकेनने डोळा बधिर करता येतो हे कार्ल कोलरने 1884 मध्ये दाखवले. जंतुनाशके तोवर रुळली होती. नेत्रदर्शक येऊन तीस वर्षे झाली होती. तापवलेल्या टोकाचे दहनयंत्र शल्यवैद्यांच्या वापरात होते. लेबरचा निबंध 1882 चा. म्हणजे 1885 मध्ये गोनँचे जवळजवळ सगळे सामान टेबलावर मांडलेले होते, आणि ते पस्तीस वर्षे तसेच पडून राहिले. शिवाय कोकेनच्या आधी डोळ्यात सुई घालून पडद्याला भोके पाडण्याची हिंमत झालीच होती. हिंमतीचा आणि हत्याराचा तुटवडा नव्हता; फाट शोधायला कोणी तासभर बसत नव्हते, कारण शोधण्याजोगे काही आहे असे वाटतच नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो फुकालाच्या बाजूने आहे. मायनस 20 चा डोळा शस्त्रक्रियेविनाही पडदा सुटण्याच्या धोक्यात असतोच. मग सुटलेल्या प्रत्येक पडद्याचे खापर शस्त्रक्रियेवर का फोडावे? त्याच्या समर्थकांनी हाच बचाव केला, आणि त्या काळच्या मोजक्या, थोड्या वर्षांपुरत्या पाहणीतून तो खोडून काढणे अवघड होते. फुकाला रुग्णाला फसवत नव्हता, त्याला खरेच जास्त दिसे. पण हा बचावच माझा मुद्दा सिद्ध करतो. डोळा मुळातच धोक्याचा आहे हे जर सगळ्यांना मान्य होते, तर शस्त्रक्रियेचे यश रुग्ण घरी जाताना वाचतो त्या अक्षराच्या ओळीवर ठरवण्याऐवजी दहा वर्षांनंतरच्या पडद्यावर ठरवायला हवे होते. भिंग काढले की गराचा पुढचा आधार जातो, तो पुढे सरकतो, हलतो आणि पडद्याला ओढतो. हे समजण्यासाठी लेबरचा निबंध वाचणे पुरेसे होते. नंबर उतरवणाऱ्यांनी तो पडद्यावाल्यांचा विषय म्हणून बाजूला ठेवला. चष्म्याने करोडो लोकांना शाळा, नोकरी, रस्ता दिला, त्याला कोणी नावे ठेवू नयेत. मात्र चष्मा किंवा शस्त्रक्रिया प्रकाशाची वाट दुरुस्त करते, डोळ्याची लांबी नाही, एवढे वाक्य दोन्ही खात्यांत लिहिलेले असते तर फुकालाच्या रुग्णांना त्याची किंमत मोजावी लागली नसती.

गोनँनंतरची प्रगती वेगाने झाली. बेल्जियन शल्यवैद्य शार्ल शेपेन्सने दोन्ही डोळ्यांनी पडद्याच्या अगदी कडेपर्यंत पाहता येईल असे डोक्यावर बांधायचे यंत्र तयार केले. जर्मनीत मायर-श्विकेराथने प्रखर प्रकाशाने फाट डागण्याची पद्धत आणली आणि तिची जागा पुढे लेझरने घेतली. 1970 च्या सुमारास मियामीत रॉबर्ट माखेमरने डोळ्यातला गरच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रुळवली. आज बहुतेक सुटलेले पडदे पहिल्याच प्रयत्नात बसतात, वेळेवर आले तर. पीतबिंदूखालच्या गळक्या वाहिन्यांवर डोळ्यात देण्याची इंजेक्शने आहेत. पण ताणलेली भिंत परत आखूड करणारा उपाय आजही नाही, आणि नंबर घालवण्याचा व्यवसाय फुकालाच्या काळापेक्षा कितीतरी मोठा झाला आहे. लेझरने बुबुळाचा पृष्ठभाग घासून चष्मा घालवता येतो. डोळ्यात जादा भिंग बसवता येते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत नंबर शून्यावर आणता येतो. या सगळ्यांनंतर 28 मिलिमीटरचा डोळा 28 मिलिमीटरचाच राहतो. मायनस 3 च्या वरच्या डोळ्यांत पडदा सुटण्याचा धोका नंबर नसलेल्यांच्या सुमारे दहापट असल्याचे अमेरिकेत 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, आणि हा धोका चष्म्याबरोबर कपाटात ठेवता येत नाही.

तेव्हा ज्यांचा नंबर मायनस 6 किंवा त्याहून जास्त आहे, किंवा शस्त्रक्रियेने जाण्याआधी तेवढा होता, त्यांनी जुन्या नंबराचा कागद जपून ठेवावा, नव्या डॉक्टरांना तो आवर्जून दाखवावा आणि वर्षातून एकदा थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके वाढले, कडेला वीज चमकल्यासारखे दिसू लागले, किंवा एका बाजूने सावली सरकत आली, तर पुढच्या आठवड्याची वेळ घेऊ नये. त्याच दिवशी जावे. फाट पडली आहे पण पडदा अजून सुटलेला नाही अशा वेळी ती लेझरने बंद करायला काही मिनिटे लागतात, आणि रुग्ण चालत घरी जातो.